पैशाचें सोंग

सारीं सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडीं असते. संसाराची ओढाताण करणाऱ्या गृहस्थाच्या मुखांतून ती बहुधा सुस्काऱ्यासारखी बाहेर पडते, आणि ऐकणाराही ‘खरें आहे’ असें म्हणून तो विषय तेथेंच सोडून देतो. परंतु या म्हणीकडे थोडें थांबून पाहिलें तर तिच्यांत व्यवहारापेक्षां मोठा असा एक नीतीचा प्रश्न दडलेला दिसतो. कोणतें सोंग माणसाला फुकट आणतां येतें आणि कोणत्या सोंगाला किंमत मोजावी लागते? आणि जेथें किंमत मोजावी लागते तेथें ती कोण मोजतो, सोंग आणणारा कीं दुसराच कोणी?

या प्रश्नाचा विचार करण्यास आजच्या तरुणांचे दोन उद्योग फार उपयोगी पडतात. एक उद्योग संगणकावरील भूमिकांच्या खेळांचे नमुने खेळून पाहण्याचा. दुसरा चार मित्र जमवून, खिशांत असतील तेवढ्या पैशांत एखादा विनोदी चित्रपट काढण्याचा. पुष्कळदां एकाच घरांतील एकच मुलगा हे दोन्ही उद्योग करीत असतो, आणि वडील माणसें दोहोंना ‘रिकामपणाचे धंदे’ या एकाच सदराखालीं घालतात. वस्तुतः या दोन उद्योगांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पहिल्यांत हवीं तितकीं सोंगें मिळतात आणि पैसा मुळींच लागत नाहीं. दुसऱ्यांत सोंग एखादेंच असतें, पण पैशाचा तळ पहिल्या आठवड्यांतच दिसूं लागतो.

भूमिकेचा खेळ, ज्याला आतां सर्रास रोल-प्लेइंग गेम म्हणतात, हा प्रकार फार जुना नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ पुस्तिकांच्या रूपानें विक्रीस काढला. टेबलाभोंवतीं चार मंडळींनीं बसावें, एकानें सूत्रधार व्हावें, बाकीच्यांनीं कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी पुरोहित व्हावें, आणि फासे टाकीत टाकीत कथा पुढें न्यावी, असें त्याचें स्वरूप होतें. पुढें सूत्रधाराचें काम संगणकाकडे गेलें आणि मित्रांवांचूनही हा खेळ खेळतां येऊं लागला. असा एखादा खेळ पुरा करण्यास चाळीस-पन्नास तास सहज लागतात, व त्याची किंमतही थोडी नसते. म्हणून खेळ विकणारे त्याचा आरंभींचा भाग फुकट वाटतात. त्याला डेमो, म्हणजे नमुना, म्हणतात. ‘स्टीम’ नांवाच्या संगणक-खेळांच्या बाजारांत तर वर्षांतून ठराविक वेळीं नमुन्यांचा मेळाच भरतो आणि शेंकडों नमुने एकाच आठवड्यांत चाखावयास मिळतात. सोमवारीं सरदार व्हावें, मंगळवारीं चोर व्हावें, बुधवारीं एखाद्या उजाड नगरांतील वैद्य व्हावें. जिवावर बेतलें तर खेळ बंद करावा, आणि गुरुवारीं नवें नांव घेऊन नवा जन्म घ्यावा. चौऱ्यायशीं लक्ष योनींचा फेरा इतका सोपा आणि इतका स्वस्त पूर्वीं कधींच झाला नसेल.

वडील मंडळींचा आक्षेप असा असतो कीं, ही निव्वळ कालहानि आहे. हा आक्षेप मला फारसा वजनदार वाटत नाहीं. सोंग घेऊन पाहणें ही माणसाची फार जुनी भूक आहे. भातुकली मांडणारी मुलगी आईचें सोंग घेते. दारीं येणारा बहुरूपी आज पोलीस होतो आणि उद्यां वासुदेव होतो. तमाशांतला सोंगाड्या राजाच्या तोंडावर राजाचीच नक्कल करतो, आणि लोक त्याला खुशाल बक्षीस देतात. योहान हुइझिंगा या डच इतिहासकारानें १९३८ सालीं ‘होमो लुडेन्स’ हा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत कायदा, काव्य आणि युद्ध यांच्याही मुळाशीं खेळवृत्ति आहे असें त्यानें मोठ्या विद्वत्तेनें मांडलें आहे. तेव्हां खेळण्यांत वेळ गेला एवढ्यानें कांहीं बिघडलें असें म्हणतां येणार नाहीं. घरांतील वडील मंडळी दूरचित्रवाणीपुढें जो वेळ घालवितात त्याचाही हिशेब मग मागावा लागेल.

खरा आक्षेप निराळा आहे, आणि तो अधिक खोल आहे. ज्या कृत्याचा परिणाम कोणावरच होत नाहीं, अगदीं करणाऱ्यावरही होत नाहीं, त्या कृत्याला नीति लागू पडते काय? हा प्रश्न संगणकाच्या पूर्वीं सुमारें चोवीसशें वर्षें प्लेटोनें विचारून ठेवला आहे. त्याच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत गायजीझच्या आंगठीची कथा आहे. लिडिया देशांतील एका मेंढपाळाला एक आंगठी सांपडली. तिचा खडा आंतल्या बाजूस फिरविला कीं तो अदृश्य होई. या सामर्थ्याच्या बळावर त्यानें राणीला वश केलें, राजाला ठार मारलें आणि राज्य बळकाविलें. कथा सांगणाऱ्याचें म्हणणें असें कीं, अशी आंगठी सज्जनाला दिली काय आणि दुर्जनाला दिली काय, दोघेही एकाच वाटेनें जातील. लोक नीतीनें वागतात तें केवळ परिणामांच्या भयानें.

खेळाचा नमुना म्हणजे या आंगठीची घरोघर वाटलेली फुकट प्रत होय. येथें पाहणारें कोणी नाहीं, दंड करणारें कोणी नाहीं, आणि केलेलें कृत्य पुसून टाकण्यास एक कळ दाबणें पुरेसें आहे. मग मनुष्य येथें कसा वागतो? मीं स्वतः असे पांच-सहा नमुने लक्षपूर्वक खेळून पाहिले, आणि इतरांना खेळतांनाही पाहिलें. माझ्या पाहण्यांत असें आलें कीं, बहुतेक लोक पहिल्या खेपेस सभ्यपणानेंच वागतात. वाटेंत भेटलेल्या भिकाऱ्याला नाणें देतात, शरण आलेल्याला सोडतात. दुसऱ्या खेपेस मात्र ते म्हणतात, ‘आतां न दिलें तर काय होतें तें पाहूं.’ याला दुष्टपणा म्हणतां येणार नाहीं. ती जिज्ञासा आहे. पण प्लेटोच्या मेंढपाळानेंही पहिल्यानें जिज्ञासेनेंच खडा फिरविला असला पाहिजे.

गंमत अशी कीं, कांहीं चांगल्या खेळकर्त्यांना हा प्रश्न आपल्याहून आधीं पडलेला आहे. १९८५ सालीं रिचर्ड गॅरियट यानें ‘अल्टिमा’ या मालिकेचा चौथा खेळ काढला. त्यांत शेवटीं ठार मारावयाचा असा कोणी महाराक्षसच नाहीं. सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्मवृत्ति आणि नम्रता हे आठ गुण अंगीं बाणवून ‘अवतार’ या पदवीस पोंचणें, एवढेंच खेळाडूचें साध्य आहे. आणि अवतार हा आपलाच शब्द तेथें जसाच्या तसा घेतलेला आहे. या खेळांत औषधी विकणारी एक आंधळी बाई आहे. तिच्यापुढें पैसे किती ठेवावयाचे तें खेळाडूनेंच ठरवावयाचें. कमी ठेवले तरी तिला कळत नाहीं, ती धन्यवाद देऊनच माल देते. परंतु खेळ आंतल्या आंत तें टिपून ठेवतो, आणि पुष्कळ तासांनंतर गुणांची परीक्षा होते त्या वेळीं त्या चुकविलेल्या पैशांचा हिशेब पुढें येतो. आपल्याकडील चित्रगुप्ताची वही याहून निराळें काय सांगते?

दुसरें उदाहरण याहून सूक्ष्म आहे. टोबी फॉक्स या तरुणानें ‘अंडरटेल’ नांवाच्या खेळाचा नमुना २०१३ सालीं लोकांपुढें ठेवला, व पुरा खेळ २०१५ सालीं आला. यांत वाटेंत आडवा येणाऱ्या प्रत्येक प्राण्याला मारतां येतें, तसें सोडूनही देतां येतें. आरंभींच एक मायाळू, आईसारखी व्यक्ति खेळाडूला सांभाळते, पण त्याला बाहेरच्या जगांत जाऊं देण्यास तयार नसते. पुष्कळांच्या हातून ती मारली जाते. मग ते हळहळतात, खेळ मागें नेतात, आणि दुसऱ्या खेपेस तिला वांचवितात. इतर खेळांत हें प्रकरण येथेंच मिटलें असतें. या खेळांत मात्र पुढें एक फूल भेटतें, आणि तूं आधीं काय केलेंस तें मला ठाऊक आहे, असें तें खेळाडूला सुनावतें. खेळांतील जगाला कांहीं आठवत नाहीं, त्या बाईला कांहीं आठवत नाहीं. पण करणाऱ्याला तें आठवतें, आणि आठवतें आहे हेंच त्या फुलानें बोलून दाखविलेलें असतें.

माझ्या मतें प्लेटोच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें मिळतें. ज्या कृत्याचा परिणाम जगावर होत नाहीं त्याचाही एक ठसा करणाऱ्यावर उमटतो. न्याय्य कृत्यें करून करूनच मनुष्य न्यायी होतो असें ॲरिस्टॉटलनें सांगितलें आहे. संवयीचें हें गणित खेळापुरतें थांबतें असें मानण्यास कारण नाहीं. परंतु या अर्ध्या उत्तराला पुरें उत्तर समजून मुलांच्या हातांतील खेळ हिसकावून घेऊं नये. कारण खेळांत चोर झालेला मुलगा बाजारांत चोरी करीत नाहीं, हेंही आपण रोज पाहतों. आणि खेळांत दहा वेळां दानशूर झालेला मुलगा दारीं आलेल्या माणसाला पाणी देण्यास उठत नाहीं, हेंही आपण रोज पाहतों. खेळांतील पाप जितकें हलकें, तितकेंच तेथलें पुण्यही हलकें. दोन्ही फुकट मिळालेलीं असतात, म्हणून दोन्ही लवकर उडून जातात.

यावरून नमुन्यांचेही दोन प्रकार मला दिसूं लागले. २०१८ सालीं निघालेल्या ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर’ या जपानी खेळाचे दोन नमुने प्रसिद्ध झाले होते. पहिला २०१७ सालीं आला. तो खेळून लोकांनीं आपलें मत कळवावयाचें होतें, आणि त्या मतांप्रमाणें कर्त्यांनीं खेळांत फेरफारही केले. पण त्यांतील प्रवास मूळ खेळांत चालूं शकत नव्हता. दुसरा नमुना तीन तासांचा होता, आणि त्या तीन तासांत जें मिळविलें वा गमावलें तें सारें पुऱ्या खेळांत पुढें न्यावयाची सोय होती. पहिल्यांत आपण परीक्षक असतों. दुसऱ्यांत आपला प्रवास सुरू झालेला असतो. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, पण दुसऱ्यांत पाऊल टाकतांना मनुष्य किंचित् सावध होतो, कारण हें पाऊल पुसलें जाणार नाहीं हें त्याला ठाऊक असतें.

आतां पैशाकडे वळूं. आपल्याकडील चित्रपटाच्या इतिहासांतही आरंभीं एक नमुनाच आहे. १९१२ सालीं दादासाहेब फाळके यांच्याजवळ यंत्र होतें, विद्या होती, पण कथापट काढण्यापुरतें द्रव्य नव्हतें. तेव्हां त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, आणि त्याचा अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत थोड्या थोड्या अवधीनें एकेक चित्र घेऊन अंकुराच्या वाढीचा एक लहानसा पट तयार केला. तो पाहूनच द्रव्यसाहाय्य करणारे पुढें आले, पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही त्या कामीं आले, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. तारामतीचें काम करण्यास स्त्री मिळेना, म्हणून एका उपहारगृहांतील साळुंके नांवाच्या आचाऱ्याला तारामती व्हावें लागलें. पाहा, पुरुषाला राणीचें सोंग आणतां आलें. पण दागिन्यांच्या जागीं सोंगाचे दागिने ठेवून भागलें नाहीं. फाळक्यांचा नमुना चाखून टाकून देण्याचा नव्हता; तो दुसऱ्या प्रकारचा होता. त्यांतील अंकुराला पुढें झाड होणें प्राप्तच होतें.

थोड्या भांडवलावर काढलेल्या विनोदी चित्रपटांचा इतिहास पाहिला तर पैशाच्या अभावानें माणसाला कशी अक्कल येते याचीं मोठीं मनोहर उदाहरणें सांपडतात. ‘माँटी पायथन’ या इंग्रज विनोदी मंडळीनें १९७४ सालीं स्कॉटलंडमध्यें राजा आर्थरच्या कथेवर एक चित्रपट घेतला. तो १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. भांडवल कांहीं गायक-वादकांच्या मंडळ्यांनींही पुरविलेलें, आणि तें सवादोन लाख पौंडांच्या आसपास. घोड्यांचा ताफा कोठून आणणार? तेव्हां राजा नुसत्या पायांनीं दुडकत चालतो आणि मागून सेवक नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटून टापांचा आवाज काढतो. प्रेक्षक त्या करवंट्यांना हंसतात, आणि चित्रपटांतील पहारेकरीही, या थंड देशांत नारळ आला कोठून, म्हणून राजालाच अडवून विचारतो. किल्ल्यांच्या बाबतींत तोच प्रकार. दुसरे किल्ले वापरण्यास परवानगी मिळाली नाहीं, म्हणून डून नांवाचा एकच किल्ला निरनिराळ्या बाजूंनीं दाखवून अनेक किल्ल्यांचें काम भागविलें. अमेरिकेंतील केव्हिन स्मिथ याचा ‘क्लार्क्स’ हा १९९४ सालचा चित्रपट तर अवघ्या २७,५७५ डॉलरांत झाला. स्मिथ ज्या दुकानांत नोकर होता त्याच दुकानांत, तें बंद झाल्यावर रात्रीं, चित्रण चाले. कथा दिवसाची आणि बाहेर मात्र काळोख! मग दुकानाच्या कुलपांत कोणी गोंदासारखा चिकट पदार्थ भरल्यामुळें दरवाजे उघडतच नाहींत, असा प्रसंग कथेंतच घातला आणि काळोख झांकला.

या दोन्ही ठिकाणीं एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. पैसा नाहीं ही गोष्ट त्यांनीं लपविली नाहीं; तिलाच विनोदाचा विषय केलें. हंसणें झालें तें स्वतःच्या दारिद्र्याला. पैशाचें सोंग त्यांनीं आणलेंच नाहीं, म्हणून बाकीचीं सोंगें खरीं वाटलीं.

परंतु अल्प भांडवलाची दुसरीही एक वाट आहे, आणि ती उताराची आहे. पैसा नसला म्हणजे स्वस्त हंसूं शोधावेंसें वाटतें. आणि सर्वांत स्वस्त हंसूं तें, ज्याचा मोबदला मागण्यास कोणी येत नाहीं. तोतरा, बहिरा, लठ्ठ, काळा, खेडवळ बोलीचा गडी, वय लोटलेली अविवाहित स्त्री: हीं पात्रें रंगभूमीवर आणि पडद्यावर वर्षानुवर्षें मोफत राबत आलीं आहेत. त्यांना ना वेतन, ना श्रेयनामावलींत नांव. चित्रपटाच्या जमाखर्चांत ज्या रकमा दिसत नाहींत त्यांपैकीं कांहीं अशा लोकांच्या नांवें खर्चीं पडलेल्या असतात.

माझ्या परिचयाच्या सहा महाविद्यालयीन तरुणांचें उदाहरण येथें देतों. भूमिकांच्या खेळांत मुरलेली ही मंडळी एका सुटींत चित्रपट काढावयास निघाली. वर्गणी अठरा हजार रुपये, कॅमेरा म्हणजे हातांतला मोबाइल, आणि कथा एवढीच कीं, लग्नाच्या ऐन मुहूर्तावर आचारी पळून जातो आणि वरपक्षाला तें कळूं न देतां पंगत उठवावयाची असते. मांडवाला पैसे नव्हते म्हणून इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींचाच मांडव केला, आणि वरमाई त्यांतील एक चादर ओळखून ‘ही आमचीच’ म्हणते असा प्रसंग घातला. येथपर्यंत सारें करवंट्यांच्या जातीचें होतें. पण मध्येंच एक पात्र त्यांनीं घातलें. त्याच इमारतींत एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारे त्यांना अण्णा म्हणतात. कंपवातानें त्यांचे हात थरथरतात आणि चहा पितांना बशींत सांडतो. एका मुलानें अण्णांची हुबेहूब नक्कल केली. गणेशोत्सवांत पांढऱ्या पडद्यावर चित्रपट दाखविला, तेव्हां सर्वांत मोठा हंशा त्या जागीं उठला. अण्णा दुसऱ्या रांगेंत बसले होते. तेही हंसले.

पुढें या गोष्टीवर मुलांत वाद झाला. एक पक्ष म्हणे, ‘अण्णा स्वतः हंसले, मग दोष कसला?’ वरवर पाहतां हा युक्तिवाद बिनतोड आहे. पण थोडा विचार केला कीं त्यांतील पोकळपणा कळतो. चाळीस वर्षांच्या शेजाऱ्यांमध्यें बसलेल्या मनुष्याला, त्याच्यावर सारे हंसत असतां, न हंसण्याची मोकळीक असते काय? तो हंसला नाहीं तर मुलांचा विरस करणारा ठरतो. उठून गेला तर चिडका ठरतो. अशा वेळचें हंसूं ही संमति नव्हे, ती लोकलाज होय. खेळाच्या नमुन्यांत पडद्यावरच्या भिकाऱ्याला नाणें नाकारलें तर खेळ मागें नेतां येतो. येथें दुसऱ्या रांगेंतला प्रेक्षक मागें नेतां येत नव्हता.

त्या मुलांपैकीं ज्यानें नक्कल केली होती तोच शेवटीं अण्णांकडे गेला आणि म्हणाला, ‘अण्णा, तुम्हांला वाईट वाटलें असेल तर तो भाग काढून टाकतों.’ अण्णा म्हणाले, ‘अरे, चहा सांडायचाच होता तर मला बोलवायचें. माझ्याइतका चांगला कोणाला सांडतां येणार आहे?’ मुलांनीं तो प्रसंग पुन्हां घेतला. नव्या प्रसंगांत अण्णाच पंगतीचे यजमान झाले आहेत, आणि मानपानासाठीं रुसलेल्या वरपित्याच्या रेशमी उपरण्यावर ते अत्यंत विनयानें चहा ओततात. पुन्हां दाखविला तेव्हां हंशा पहिल्याइतका मोठा झाला नाहीं, हें प्रांजळपणें नमूद केलें पाहिजे. चांगल्या वागणुकीचें फळ दरवेळीं अधिक टाळ्यांच्या रूपानें मिळतें असें नाहीं.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत हास्यरसाचीं कारणें सांगतांना विकृत वेष आणि असंबद्ध बडबड यांबरोबर व्यंगदर्शनही गणलें आहे. तेव्हां व्यंग पाहून हंसूं येतें ही गोष्ट नाकारण्यांत अर्थ नाहीं. तो मनुष्यस्वभाव आहे. परंतु त्याच शास्त्रकारांनीं हास्याच्या स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्या सांगून त्या उत्तम, मध्यम आणि अधम प्रकृतींस वांटून दिल्या आहेत, हेंही विसरूं नये. हंसूं येणें आपल्या हातीं नसेल. हंसूं कोठून आणावयाचें हें मात्र चित्रपट काढणाऱ्याच्या हातीं असतें. आपल्या संस्कृत नाटकांतील विदूषक स्वतःचेंच कुरूप आणि स्वतःचाच अधाशीपणा पुढें करतो. तो जें खर्च करतो तें स्वतःच्या खिशांतलें असतें.

यावर कोणी म्हणेल, ‘ज्याची त्याची परवानगी घेऊन विनोद करावयाचा म्हटलें तर विनोदच संपेल. लांचखाऊ अधिकाऱ्याची नक्कल करतांना त्याचीही परवानगी घ्यावयाची काय?’ हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचें उत्तर आपल्याच शहरांत घडलेल्या एका चित्रपटांत आहे. कुंदन शहा यांचा ‘जाने भी दो यारों’ हा १९८३ सालचा चित्रपट राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या द्रव्यावर, सुमारें सात लाख रुपयांत झाला. त्यांत मुंबईंतील बांधकाम-ठेकेदार, आयुक्त आणि वृत्तपत्रव्यवसाय यांची यथेच्छ चेष्टा आहे, आणि कोणाचीही परवानगी घेतलेली नाहीं. शेवटास एका अधिकाऱ्याचें प्रेत पळवितां पळवितां सारी मंडळी महाभारताच्या नाटकांत शिरतात आणि त्या प्रेतालाच द्रौपदी व्हावें लागतें. प्रेक्षक पोट धरून हंसतात. पण लगेच पुढें, ज्या दोन भोळ्या छायाचित्रकारांनीं खरें शोधून काढलें, तेच कोसळलेल्या पुलाचे गुन्हेगार ठरून कैद्यांच्या वेषांत रस्त्यावर आलेले दिसतात, आणि तें हंसूं घशांत अडकतें. बलिष्ठांना हंसण्यास परवानगी लागत नाहीं, कारण त्याची किंमत हंसविणारा स्वतः देतो, किंवा निदान देण्याचा धोका तरी पत्करतो. दुर्बळांना हंसतांना ती किंमत हंसविणाऱ्याला द्यावी लागत नाहीं; तेथेंच विचारणें प्राप्त होतें. नीतीचा फरक विषयांत नसून खातें कोणाचें यांत आहे.

तर मग खेळांचे नमुने चाखण्यांत घालविलेले दिवस व्यर्थच गेले काय? मला तसें म्हणवत नाहीं. अनेक भूमिका घेऊन पाहणाऱ्याला दुसऱ्याच्या जागीं उभें राहण्याची थोडीशी संवय लागते, आणि अण्णांच्या दारापर्यंत जाण्यास ज्या कल्पनाशक्तीची गरज होती ती कदाचित् तेथेंच अंकुरली असेल. परंतु दुसऱ्याच्या जागीं उभें राहणें निराळें आणि दुसऱ्याच्या जागेचें भाडें भरणें निराळें. नमुना पहिली गोष्ट शिकवितो; दुसरी तो शिकवूं शकत नाहीं, कारण त्यांत भाडेंच नसतें. ती शिकण्यास अपुऱ्या पैशांचें, ओळखीच्या माणसांचें आणि अर्ध्यावर टाकतां न येणारें एखादें काम अंगावर घ्यावें लागतें. मग तें चित्रपटाचें असो वा संसाराचें.

आजच्या जगांत नमुने वाढत चालले आहेत. गाण्याचे पहिले अर्धें मिनिट ऐकून तें टाकतां येतें, अभ्यासक्रमाचा पहिला पाठ पाहून तो सोडतां येतो. नोकरी, मैत्री, घर, सारेंच परत करण्याच्या अटीवर मिळावें अशी एक सुप्त इच्छा मनांत घर करूं पाहते. निवड करण्यापूर्वीं चाखून पाहणें यांत शहाणपण आहे, पण चाखणें हेंच जेवण समजणारा मनुष्य शेवटीं उपाशी राहतो. म्हणून आपल्या मुलांना खेळूं द्यावें, आणि तें सोंगाचें वारें अंगांत असतांनाच त्यांच्या हातीं अठरा हजारांचें एखादें कामही पडूं द्यावें. त्या कामांत त्यांचे पैसे कमी पडोत. कमी पडलेच पाहिजेत. मग त्यांनीं कमतरता कोणाच्या खिशांतून भरून काढली एवढें मात्र आपण शेजारीं बसून पाहावें. जुन्या म्हणीला बहुधा हेंच सांगावयाचें असेल: जेथें सोंग चालत नाहीं अशी एक तरी जागा माणसाच्या आयुष्यांत असते, आणि त्याची पारख तेथेंच होते.